चला, मांजरा-गोदावरीचा पट मांडू!

लातूरजवळ मांजरा नदीत तुम्ही एक कागदी होडी सोडलीत. समजा, ती भिजली नाही, झुडपात अडकली नाही, बंधाऱ्यापाशी थांबली नाही, नुसती वाहत राहिली. तर ती कुठं जाऊन पोचेल?

नकाशा न उघडता सांगा बरं. ‘समुद्रात’ म्हणालात तर उत्तर चूक नाही, पण समुद्र फार लांब राहिला. त्याच्या कितीतरी आधी ती होडी नांदेड जिल्ह्याच्या शिवेवर येईल! नांदेड लातूरच्या ईशान्येला. मधे अहमदपूर, लोहा लागतं आणि एसटी काही तासांत पोचते. होडी मात्र आधी उलटीकडं, आग्नेयेला निघेल. कर्नाटकात बीदर जिल्ह्यातून जाईल, तेलंगणात शिरेल, तिथं एक मोठं वळण घेऊन उत्तरेकडं तोंड करेल आणि देगलूर-बिलोलीच्या कडेनं वर येत येत कंदकुर्तीला गोदावरीत मिसळेल. लातूरपासून कंदकुर्ती सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आतच आहे. पण पाण्याला सरळ रेषा माहीत नसते, त्याला फक्त उतार कळतो.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम आणि कंदकुर्तीला संगम, अशी मांजरेची एकूण लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. तिकडून त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत त्याच कंदकुर्तीला येते. तिची तोवरची वाटही सातशे किलोमीटरांच्या आसपासच भरते. दोन नद्या, जवळजवळ सारखी वाट आणि शेवट एकाच ठिकाणी. यापेक्षा चांगली शर्यत कुठं मिळणार? म्हणून या सुट्टीत आपण एक पट तयार करायचा. दुकानातला आणायचा नाही, घरी बनवायचा. एका बाजूला लातूरचा संघ, त्यांची मांजरा. दुसऱ्या बाजूला नांदेडचा संघ, त्यांची गोदावरी. खेळाडू म्हणजे पावसाचे थेंब.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकू. विज्ञानाचा खेळ म्हटलं की पुष्कळ जण काय करतात? सापशिडीचा पट घेतात, प्रत्येक घरात एक प्रश्न लिहितात आणि ‘पाण्याचं रासायनिक सूत्र सांगा, नाहीतर दोन घरं मागे जा’ असा नियम करतात. हा खेळ नव्हे, ही परीक्षा झाली. ज्याला उत्तर येतं तो कंटाळतो, ज्याला येत नाही तो रुसतो. माझं म्हणणं असं की विज्ञान प्रश्नाच्या चिठ्ठीत नको, खेळाच्या नियमात हवं. नियम पाळता पाळता खेळणाऱ्याला आपोआप कळलं पाहिजे की पाणी असं का वागतं.

आपल्याकडच्या जुन्या पटांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते, आणि ज्ञानेश्वर आपल्या मराठवाड्यातले, पैठणजवळच्या आपेगावचे. त्या पटावर साप आणि शिड्या उगाच कुठंही काढलेल्या नसत. शिडी जिथून सुरू होई तिथं एखादा सद्गुण लिहिलेला असे, सापाच्या तोंडाशी एखादा दुर्गुण. म्हणजे वर का चढलो आणि खाली का घसरलो, याचं कारण पटावरच असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. पुढं ती कारणं पुसली गेली आणि नुसते रंगीत साप उरले. आपल्याला ती कारणं परत आणायची आहेत, फक्त निसर्गातली.

आजचे चांगले खेळ असंच करतात. मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या ‘पँडेमिक’ या खेळात एखाद्या शहरात रोगाचे तीन ठोकळे जमले आणि चौथा ठेवायची वेळ आली, की रोग शेजारच्या शहरांत पसरतो. साथ कशी फैलावते ते सांगायला वेगळा धडा लागतच नाही. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९ सालचा ‘विंगस्पॅन’ पक्ष्यांवर आहे. त्यात काही शिकारी पक्ष्यांची पानं आहेत. असं पान वापरलं की गड्डीतला वरचा पत्ता उलटायचा आणि त्यावरच्या पक्ष्याचे पंख किती लांब आहेत ते बघायचं. भक्ष्य पुरेसं छोटं असेल तरच शिकार साधली! हे बनवायला कुणाला कारखाना लागला नव्हता. आधी कागद, पेन्सिल आणि खोडरबरच लागलं असणार.

तर आणा कागद. मोठा चार्टपेपर घ्या, एका बाजूनं वापरलेला असला तरी चालेल. भूगोलाच्या नकाशावर मांजरेच्या वळणावळणावरून एक दोरा ठेवत जा. दोरा नदीवर नीट बसला की त्यावर खूण करा, सरळ करा आणि पट्टीनं मोजा. नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण बघून त्याचे किलोमीटर करा. नद्यांची लांबी घरच्या घरी मोजायची ही छान रीत आहे. छोट्या नकाशात बारीक वळणं गाळलेली असतात, त्यामुळे तुमचं उत्तर ७२४ पेक्षा कमी येईल. किती कमी येतं ते लिहून ठेवा, पुढं मोठा नकाशा मिळाला की पुन्हा मोजा.

आता घरं किती करायची? एक घर म्हणजे १० किलोमीटर धरलं तर मांजरेची ७२ घरं होतात. एक घर म्हणजे २० किलोमीटर धरलं तर ३६. यातलं कोणतं बरं, हे ठरवायला आधी दान बघावं लागेल.

दानासाठी फासा विकत आणू नका, चार चिंचोके घ्या. चल्लस-आठ खेळताना घेतात तसेच. प्रत्येकाची एक बाजू फरशीवर घासून पांढरी करा. घासताना मधेच त्याला बोट लावून बघा, चटका बसतो! तुमच्या हाताची मेहनत घर्षणातून उष्णता होऊन चिंचोक्यात शिरलेली असते. चारही चिंचोके पांढरे झाले की ते ओंजळीत खुळखुळवून टाका. जितके पांढरे वर, तितकं दान. एक पांढरा तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही पांढरे तर चार. आणि चारही काळे पडले तर आठ!

चारापेक्षा आठ मोठं, म्हणून ते अवघड असेल असं वाटतं ना? करून बघू. प्रत्येक चिंचोका दोनच प्रकारे पडू शकतो, पांढरा किंवा काळा. चार चिंचोक्यांचे मिळून २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १६ प्रकार. ते सगळे वहीत लिहून काढा. पांढऱ्याचा ‘पां’, काळ्याचा ‘का’. मग मोजा. चारही काळे असा प्रकार एकच. एक पांढरा असे ४. दोन पांढरे असे ६. तीन पांढरे असे ४. चारही पांढरे, पुन्हा एकच. १, ४, ६, ४, १. म्हणजे आठ आणि चार सारखेच दुर्मीळ, आणि सगळ्यांत जास्त वेळा पडणार दोन.

हे पाच आकडे नीट बघा. गणिताच्या पुस्तकांत ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात त्याची ही एक ओळ आहे. पास्कल हे सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती. पण आपल्याकडं दहाव्या शतकात हलायुध नावाच्या पंडितानं पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिली आणि त्यात हाच त्रिकोण ‘मेरुप्रस्तार’ या नावानं समजावून सांगितला. त्याला लघु आणि गुरू अक्षरांची वृत्तं मोजायची होती. चार अक्षरांत दोन गुरू किती प्रकारे येतील? सहा. आपल्या चिंचोक्यांचंच गणित! हा हलायुध राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या आश्रयाला होता असं विद्वान मानतात. आणि राष्ट्रकूट राजे स्वतःला कोण म्हणवून घेत? लट्टलूर नगरीचे अधिपती. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारच्या सगळ्या मुलांना बोलावून सांगितलं.

परत पटाकडं. सोळा वेळा दान टाकलं तर साधारणपणे चार वेळा १, सहा वेळा २, चार वेळा ३, एकदा ४ आणि एकदा ८ पडेल. बेरीज ४०. चाळीसला सोळानं भागलं की अडीच. म्हणजे एका दानात थेंब सरासरी अडीच घरं सरकतो. ७२ घरांना जवळजवळ २९ दानं लागतील. प्रत्येक संघाला तीन थेंब द्यायचे म्हटलं तर खेळ संपता संपणार नाही आणि जेवायला हाक येईल. ३६ घरं केली तर एका थेंबाला १४-१५ दानं, तीन थेंबांना ४३. हे जमतं. तेव्हा एक घर म्हणजे २० किलोमीटर, मांजरेला ३६ घरं आणि गोदावरीला ३५. दोन सेंटिमीटरांचं एक घर काढलंत तर तुमच्या पटावर एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर असं खरं प्रमाण बसेल, आणि पट हा एक नकाशाच होईल. डावीकडं वरच्या कोपऱ्यात त्र्यंबकेश्वर, त्याच्या उजवीकडं बरंच खाली बालाघाट, उजव्या कडेला कंदकुर्ती. तिथं हरिद्रा नावाची तिसरी नदीही येते, तीही बारीक निळ्या रेघेनं दाखवा.

थेंबांसाठी लातूरच्या संघानं सोयाबीनचे दाणे घ्यावेत, नांदेडच्या संघानं सरकी. दोन्ही घरात नाहीतर शेजारी सापडतातच.

आता नियम. इथं खरी मजा आहे.

पाऊस कधी पडतो हे थेंबाच्या हातात नसतं, म्हणून ते आपल्या हातातही नको. आजोबांना विचारा, पावसाची नक्षत्रं किती? ते बोटांवर मोजून सांगतील : मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नऊ. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जाताना दिसतो, म्हणून ३६५ दिवसांना २७ नं भागलं की एका नक्षत्राच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात. नऊ नक्षत्रांचे झाले जवळजवळ १२२. हवामान खातं १ जून ते ३० सप्टेंबर असा पावसाळा धरतं, त्याचेही दिवस मोजा. बरोबर १२२! सुरुवात-शेवट थोडे मागंपुढं होतात, पण लांबी तीच. आपला खेळही नऊ फेऱ्यांचा, पहिली मृगाची आणि शेवटची हस्ताची.

जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची १२ पानं कापा. सहांवर ‘पाऊस’ लिहा, तिनांवर ‘ओढ’ आणि तिनांवर ‘मुसळधार’. पानं पिसून पालथी ठेवा. प्रत्येक फेरीला एक पान उलटायचं. ‘पाऊस’ आला तर दोन्ही संघांना पाच-पाच दानं. ‘ओढ’ आली तर दोनच. ‘मुसळधार’ आली तर आठ. पानं बारा आणि फेऱ्या नऊ, म्हणून तीन पानं दर खेळात तशीच पालथी राहतील. एखाद्या खेळात तिन्ही ओढी निघतील आणि मुसळधार एकही नाही, मग अख्ख्या पावसाळ्यात ३६ दानं मिळतील. नशीब उलटं असेल तर ५४. सरासरी मात्र ४५. तीन थेंब संगमाला न्यायला साधारण ४३ लागतात हे आठवतंय ना? म्हणजे पाणी पुरतं, पण जेमतेम. मराठवाड्याचा खेळ असाच असायला हवा. सह्याद्रीला आपटून ढग आपलं बरंचसं पाणी तिकडंच सांडतात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, लातूरकडं साधारण ८०० च्या आसपास. आपण पर्जन्यछायेत राहतो. महाबळेश्वरच्या मुलांनी हा पट केला तर त्यांना ‘ओढ’ची पानं शोधावी लागतील.

आता पाझर. दोन्ही नद्यांच्या वाटेवर काही घरं तपकिरी रंगवा, काही काळी. तपकिरी म्हणजे मुरूम, काळं म्हणजे पाषाण. तुमच्या गावात विहीर खणताना कुणी बघितलं असेल तर त्यांना विचारा. वर काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा खडक, बेसॉल्ट. किती जाड असेल? १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्यानंतर जमिनीखाली काय आहे ते समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर नुसता बेसॉल्टच निघाला! त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना खडक.

मुरमातून पाणी सहज झिरपतं, पाषाणात फक्त भेगांतून. हे दानात कसं आणायचं? थेंब तपकिरी घरावर थांबला की तो जमिनीखाली गेला, दाणा पटाखाली सरकवा. बाहेर यायला २ पडायला हवेत. सोळात सहा वेळा पडतात, फार वाट बघावी लागणार नाही. काळ्या घरावर थांबला तर ४ किंवा ८ च हवेत. सोळात दोनदा, म्हणजे आठात एकदा. ‘माझा थेंब कामून बाहेर येईना गेलाय?’ असं कुणी वैतागून ओरडलं की समजा नियम बरोबर बसला. तोवर तो आपले दुसरे दोन थेंब चालवू शकतो, म्हणूनच तीन दिलेत.

पण ‘मुसळधार’च्या फेरीत तपकिरी आणि काळी घरं बंद. कुणीही खाली जात नाही, सगळे थेंब वरून धावतात. का बरं? अंगणात बघितलं असेल तुम्ही. जोराची सर आली की मातीला पाणी प्यायला वेळच मिळत नाही, ते गढूळ होऊन वाहून जातं. झिमझिम पाऊस मात्र दिवसभर मुरत राहतो. या एका नियमामुळे मुसळधार पान आलं की शर्यतीला मजा येते, आणि जमिनीखाली मात्र एकही थेंब साठत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

धरणं काढायला विसरू नका. मांजरेवर बीड जिल्ह्यातलं धनेगावचं धरण, लातूर शहराला पाणी देणारं. गोदावरीवर पैठणचं जायकवाडी, त्याचा जलाशय नाथसागर, आणि नांदेडजवळचं विष्णुपुरी. पुढं तेलंगणात मांजरेवर सिंगूर आहे आणि निजामसागर, जो १९२३ ते १९३१ या काळात बांधला गेला. तेव्हा लातूर, नांदेड आणि हैदराबाद एकाच निजामी राज्यात होते. हे सगळे पटावर निळ्या चौकोनांनी दाखवा, पण पहिल्या खेळात दारं फक्त दोघांनाच ठेवा, धनेगाव आणि जायकवाडी. या घरी प्रत्येक थेंबाला थांबावंच लागतं. धरणात आपल्या संघाचे दोन थेंब जमले तरच एक पुढं सुटतो. म्हणजे तळाशी एक राहतोच राहतो! खऱ्या धरणातही दाराच्या पातळीखालचं पाणी आपणहून बाहेर येऊ शकत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. बातम्यांत ‘धरण मृतसाठ्यात’ असं ऐकता ते हेच. ‘मुसळधार’ आली की दारं उघडी, सगळे सुटले.

आणि ऊन? सापशिडीत वर जाणं चांगलं, खाली येणं वाईट. आपल्या पटावर उलटं आहे. खाली वाहणं चांगलं. वर जाणं म्हणजे वाफ होणं. ‘ओढ’चं पान उलटलं की धरणात थांबलेल्या प्रत्येक थेंबासाठी एक-एक जादा दान टाकायचं. १ किंवा ३ पडले तर तो थेंब वाफ झाला, चालला ढगात, म्हणजे परत पहिल्या घरी. सोळात आठ वेळा, निम्मी भीती. नाथसागर पसरट आणि उथळ आहे, त्यावरून किती पाणी उडून जात असेल! खरं वाटत नसेल तर एक पेला पाणी परातीत ओता, तेवढंच बाटलीत, आणि दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवा. संध्याकाळी बघा. जमिनीखालच्या थेंबाला मात्र ऊन लागत नाही. मगाशी ज्याच्यासाठी कुणीतरी वैतागलं होतं तोच थेंब आता सुखात आहे.

एक लक्षात आलं का? या खेळात कुणाचा दाणा ‘मरत’ नाही. तो नदीत असतो, जमिनीत असतो, धरणात असतो नाहीतर ढगात असतो. पाण्याचं तसंच आहे. ते नाहीसं होत नाही, आपल्याला हवं तेव्हा हवं तिथं नसतं, एवढंच.

लातूरनं हे २०१६ साली सोसलंय. धनेगावचं धरण कोरडं पडलं आणि शहराला पाणी आगगाडीनं आणावं लागलं. ११ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. नंतरच्या गाड्या ५० वाघिणींच्या होत्या. ते पाणी कृष्णेचं, म्हणजे दुसऱ्याच खोऱ्यातलं, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास रुळांवरून आलेलं. आपल्या पटावर ‘जलदूत’ हवीच. लातूरचा संघ ती एकदाच वापरू शकतो, आणि तीही ‘ओढ’च्या फेरीनंतर. ढगात गेलेला एक थेंब उचलून थेट लातूरच्या घरात ठेवायचा. त्याची किंमत म्हणून एका फेरीची पाच दानं सोडायची, कारण इंजिन, डिझेल, माणसं, वेळ, सगळं खर्ची पडतं.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. तुमच्या शाळेचं छत २५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असेल तर ते ६२५ चौरस मीटर. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस. गुणाकार करा. ५ लाख लिटर! जलदूतच्या पहिल्या गाडीत होतं तेवढं पाणी शाळेच्या एका छतावर दर वर्षी पडतं. थोडं उडेल, थोडं सांडेल, पण बरंचसं धरता येईल. याचा नियम मी सांगणार नाही, तुम्हीच करा. किती दानं खर्चून किती थेंब छतावरून जमिनीखाली नेता यावेत? भांडा, पण ठरवा.

नऊ फेऱ्या संपल्या की गुण मोजा. संगमाला पोचलेल्या थेंबाचे २ आणि जमिनीखाली असलेल्याचा १, असं मी धरलंय. माझ्याकडं खेळायला येणाऱ्या मुलांत यावरून मोठा वाद झाला. एका मुलीचं म्हणणं, उन्हाळ्यात विहिरीलाच पाणी लागतं, तर जमिनीखालच्या थेंबालाच २ हवेत. आम्ही तसं करून बघितलं, आणि खेळच बदलला. कुणीच संगमाकडं धावेना, सगळे तपकिरी घरावर नेमकं दान पडायची वाट बघत बसले. मला तिचं म्हणणं पटलं. तरी दोन्ही प्रकारे खेळून बघा. गुण कशाला द्यायचे हे ठरवताना तुम्ही आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं हेच सांगत असता.

पट झाला म्हणजे काम संपलं असं नाही. खेळून बघायचं आणि वहीत लिहायचं. किती वेळ लागला, कोण जिंकलं, कुठं कंटाळा आला, कुठल्या नियमावर भांडण झालं. मग एकच नियम बदलून पुन्हा खेळायचं. एकाच वेळी तीन नियम बदलले आणि खेळ सुधारला, तर तो कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेतही असंच करतात, बाकी सगळं तसंच ठेवून एक गोष्ट बदलतात.

चिंचोक्यांचीही परीक्षा घ्या. आपण धरलंय की पांढरी आणि काळी बाजू सारख्याच वेळा वर येते. पण चिंचोका वेडावाकडा असतो, एक बाजू घासून सपाट झालेली. प्रत्येक चिंचोका १०० वेळा टाका आणि पांढरे किती ते मोजा. ४० ते ६० च्या मधे आले तर काळजी नको, एवढा फरक नुसत्या नशिबानंही पडतो. पण ७० आले तर तो चिंचोका एका बाजूला झुकतोय. तो बदला, किंवा तसाच ठेवून सरासरी पुन्हा काढा आणि घरांची संख्या त्याप्रमाणं ठरवा. शंभर वेळा टाकायचा कंटाळा येत असेल तर चौघांत वाटून घ्या, प्रत्येकी पंचवीस.

तुम्ही लातूर-नांदेडचे नसाल तरी हरकत नाही, आणि असलात तरी याच दोन नद्या घ्यायला हव्यात असं नाही. तेरणा आहे, तिरू आहे, लेंडी आहे, मन्याड आहे, किनवट-माहूरकडं पैनगंगा आहे. तुमच्या घराजवळून जो ओढा जातो त्याचं नाव आजीला विचारा. तो कुठल्या नदीला मिळतो ते नकाशात शोधा, आणि पटाचं पहिलं घर तिथंच काढा. नियम करताना मात्र एक कराच. प्रत्येक नियमाखाली बारीक अक्षरात त्याचं कारण लिहा, आणि ज्याचं कारण सापडत नाही तो नियम खोडून टाका.